बालवाडीच्या निरोप समारंभातले खेळ आणि प्रश्नमंजूषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की सांगली, मिरज, कुपवाड भागातल्या बालवाड्यांत मोठ्या गटाच्या निरोपाची गडबड सुरू होते. हॉल ठरतो, खाऊ ठरतो, मुलींचे परकर-पोलके इस्त्री होऊन येतात. खेळ काय घ्यायचे हे मात्र आदल्या रात्रीपर्यंत ठरत नाही. ताई, मदतनीस मावशी आणि पालक दरवर्षी जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत. मुलं ५ ते ६ वर्षांची आणि वर्ग २०-२५ मुलांचा, असं धरलं आहे.

कार्यक्रम किती वेळाचा असावा? सकाळी की संध्याकाळी?

खाऊ धरून दीड तास पुरे. त्यापुढे मुलांचं लक्ष उडतं, भांडणं सुरू होतात आणि छान चाललेला कार्यक्रम रडारडीत संपतो.

एप्रिलात सांगलीचा पारा दुपारी ३८-४० अंशांकडे जातो, त्यामुळे सकाळी ८ ते साडेनऊ ही वेळ सगळ्यांत सोयीची. मैदानावरचे खेळ पहिल्या पाऊण तासात उरकायचे आणि नंतर सावलीत किंवा वर्गात बसायचं. संध्याकाळी ठेवण्याचा मोह होतो, कारण नोकरी करणारे पालक येऊ शकतात. पण दुपारची झोप न झालेली मुलं संध्याकाळी फार लवकर चिडतात, आणि वळीव आला तर तोही नेमका त्याच वेळेला. पालकांसाठी संध्याकाळच हवी असेल तर कार्यक्रम एका तासाचा करा.

भाषण एकच, तेही दोन मिनिटांचं. पाहुणे बोलवायचेच असतील तर त्यांना मुलांबरोबर गोलात बसवा आणि एका खेळात घ्या. मुलांना त्यांची ओळख भाषणापेक्षा त्यातून जास्त होते.

खेळ किती घ्यावेत? क्रम कसा लावावा?

चार खेळ आणि प्रश्नमंजूषेच्या दोन फेऱ्या. एक खेळ ७ ते १० मिनिटांचा. मुलं "अजून एकदा!" म्हणत असतानाच थांबवायचा.

सगळी मुलं एकदम येत नाहीत. पहिली १० मिनिटं कुणी रिक्षातून उतरतंय, कुणी आईचा पदर सोडत नाहीये अशीच जातात. तेवढ्या वेळात चालेल असं काहीतरी मांडून ठेवा. जमिनीवर मोठा कागद अंथरून रंगीत खडू ठेवले की येईल ते मूल येऊन बसतं. मग पळापळीचा एक खेळ, त्यानंतर बसून प्रश्नमंजूषेची एक फेरी, पुन्हा उठून हालचालीचा खेळ, पुन्हा बसून दुसरी फेरी. पळापळीचे दोन खेळ लागोपाठ घेतले तर तिसऱ्या वेळी मुलांना खाली बसवायला घसा फोडावा लागतो.

संगीत खुर्चीसारखे, मुलं बाद होणारे खेळ ठेवावेत का?

आमचं उत्तर स्पष्ट आहे: या दिवशी ठेवू नयेत.

संगीत खुर्चीत पहिल्याच फेरीत जे मूल बाहेर पडतं, ते बहुतेक वेळा वर्गातलं सगळ्यांत लहानखुरं, सगळ्यांत शांत किंवा दुसऱ्याला वाट देणारं असतं. पुढची १० मिनिटं ते भिंतीला टेकून बाकीच्यांना खेळताना बघतं. दोन वर्षं ज्या वर्गात ते रोज आलं, त्या वर्गातली त्याची शेवटची आठवण ही व्हावी असं कुणालाच वाटणार नाही.

हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी गुजरातमधल्या भावनगरला १९२० साली बालमंदिर सुरू केलं आणि लहान मुलांच्या शिक्षणातून शिक्षा आणि बक्षीस या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवायचा आग्रह धरला. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर भावनगरला काम करत होत्या. पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम उभं केलं, आणि अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही बालवाडीत मुलं गोलात बसून गाणी म्हणताना दिसतात, त्यामागे या मंडळींचे कष्ट आहेत.

खेळ मात्र टाकून द्यायची गरज नाही, नियम बदलायचा. संगीत खुर्चीत खुर्च्यांऐवजी बसकरं घ्या. गाणं थांबलं की एक बसकर काढायचं, मूल एकही काढायचं नाही. उरलेल्या बसकरांवर सगळ्यांनी मावायचं. शेवटी चार बसकरांवर २० मुलं एकमेकांना धरून, पाय आखडून, एकमेकांच्या मांडीवर बसून मावायची धडपड करतात तेव्हा जो हशा होतो, तो एकटा विजेता उभा राहिल्यावर कधीच होत नाही. पायाखाली गुळगुळीत फरशी असेल तर बसकरं घसरतात, म्हणून हा खेळ सतरंजीवर किंवा मातीवर घ्या.

'शिवाजी म्हणतो' यातही हेच करता येतं. चुकलेल्या मुलाने बाहेर जायचं नाही. त्याने पुढे येऊन पुढचा हुकूम द्यायचा. मग काही जण मुद्दाम चुकायला लागतात, आणि ते चालतं.

सगळ्यांना एकदम खेळता येतील असे कोणते खेळ आहेत?

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यांत जास्त विचारणा याचीच होते.

*साडीवरचा चेंडू.* जुनी, मऊ, फाटायला न आलेली सुती साडी दुपदरी करून कडा शिवून घ्या, किंवा दोन जुन्या चादरी एकमेकींना जोडा. सगळ्या मुलांनी चारही बाजूंनी काठ धरायचा. मधोमध एक हलका चेंडू टाकायचा. "हळू" म्हटलं की चेंडू नुसता डोलला पाहिजे, "जोरात" म्हटलं की उडाला पाहिजे, आणि खाली मात्र पडू द्यायचा नाही. मग दोन चेंडू, मग पाच. मुलांना काठ मुठीत कसा धरायचा हे आधी दाखवा: अंगठा खाली, चार बोटं वर. नाहीतर पहिल्याच झटक्याला साडी हातातून निसटते. शेवटी "एक, दोन, तीन" म्हणून साडी उंच उडवायची आणि सगळ्यांनी तिच्याखाली येऊन बसायचं. हे करताना एक मोठं माणूस आत आणि दोन बाहेर हवीत.

*पहिलीची गाडी.* आपल्या मुलांना रेल्वे जवळची आहे, मिरज जंक्शन दारातच आहे. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून गाडी करायची, पुढे ताई इंजिन. भिंतीवर किंवा झाडांवर स्टेशनांच्या पाट्या लावायच्या: मिरज, सांगली, भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी, कराड, सातारा. ही सगळी मिरज-पुणे मार्गावरची खरी स्टेशनं आहेत, आणि प्रत्येक वर्गात एक तरी मूल असतं ज्याला ती क्रमाने पाठ असतात. त्यालाच गार्ड करा. प्रत्येक स्टेशनवर एक काम. मिरजेला सतार वाजवल्याचा अभिनय, भिलवडीला शेजाऱ्याशी हात मिळवायचा, साताऱ्याला डोंगर चढायचा. शेवटच्या पाटीवर 'पहिली' लिहिलेलं. तिथे गाडी थांबली की प्रत्येकाने उतरताना आपल्या नव्या शाळेचं नाव मोठ्याने सांगायचं. ज्यांचे प्रवेश अजून झालेले नाहीत, त्यांच्यासाठी आधीच ठरवून ठेवा, "मी पहिलीत जाणार!" एवढं म्हटलं तरी चालेल. यादी लागायची वाट बघणारी घरं दर वर्गात असतात. त्या मुलाला सगळ्यांसमोर गप्प उभं राहायला लागू नये.

*घाटावर-पाण्यात.* तळ्यात-मळ्यात हाच खेळ. नाव बदललं की तो सांगलीचा होतो. रांगोळीने किंवा चुन्याच्या फक्कीने एक लांब रेघ मारायची. अलीकडे घाट, पलीकडे कृष्णा. "पाण्यात", "घाटावर" म्हणेल तशा उड्या. मधेच "मगर आली!" म्हटलं की सगळ्यांनी घाटावर पळायचं. कृष्णेत मगर असते हे इथल्या मुलांना चांगलं माहीत असतं, त्यामुळे ही हाक फार परिणाम करते. चुकलेल्याला बाद करायचं नाही, त्याने मगर व्हायचं.

*पोतं पुढे.* मार्केट यार्डात हमाल हळदीची पोती कशी उतरवतात हे बऱ्याच मुलांनी पाहिलेलं असतं. उशीला पिवळं कापड शिवा, झालं हळदीचं पोतं. एका रांगेत उभं राहून डोक्यावरून मागे द्यायचं, शेवटच्याने पळत पुढे येऊन परत सुरू करायचं. दोन रांगा करून शर्यत लावायचा मोह आवरा. त्याऐवजी सगळ्यांनी मिळून एक गाणं संपायच्या आत पोतं टोकापर्यंत पोचवायचं, असं ठेवा.

*मी कोण?* विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीतच 'सीता स्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमी उभी राहिली. तेव्हा या गावच्या मुलांच्या निरोपात नाटकाचा एक तुकडा हवाच. एका मुलाच्या कानात नाव सांगायचं, त्याने न बोलता करून दाखवायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. नावं मात्र वर्गातल्या रोजच्या माणसांची घ्या: घंटा वाजवणारे काका, डबा उघडून देणाऱ्या मावशी, हॉर्न वाजवणारे रिक्षावाले काका, चष्मा शोधणाऱ्या ताई. मुलं आपलं किती बारकाईने बघत असतात हे या खेळात कळतं. ताई फळा पुसून हात कसे झटकतात, हे एखादी चिमुरडी हुबेहूब करून दाखवते.

पाच वर्षांच्या मुलांना प्रश्नमंजूषा झेपते का?

झेपते, फक्त तिचं रूप वेगळं हवं. लिहिणं नाही, गुण नाहीत, दोन गट करून हरवणं नाही आणि एका मुलाला उभं करून उत्तर विचारणं तर मुळीच नाही. प्रश्न सगळ्यांना आणि उत्तरही सगळ्यांनी अंगाने द्यायचं: बरोबर वाटलं तर उभं राहायचं, चूक वाटलं तर बसायचं. किंवा दोन झाडांना दोन चित्रं लावायची आणि जे उत्तर वाटतं त्या झाडाकडे पळायचं. मुलं सुरुवातीला एकमेकांचं बघून पळतात. त्याला कॉपी म्हणू नका, या वयात ते असंच चालतं.

एका फेरीत ८-१० प्रश्न पुरेत. पहिले दोन इतके सोपे हवेत की कुणीच चुकणार नाही, आणि मधे एखादा वेडा प्रश्न हवा: "आपल्या वर्गात हत्ती आहे का?" सगळे एका सुरात "नाऽऽही" म्हणाले की ज्याची भीड होती तीही जाते.

प्रश्नांचे काही नमुने देता का?

तीन प्रकारचे घ्या.

पहिला प्रकार आपल्या वर्गाचा, आणि सगळ्यांत महत्त्वाचा हाच. आपल्या वर्गाच्या दाराचा रंग कोणता? पाण्याचं पिंप डावीकडे आहे की उजवीकडे? (उत्तर बोटाने दाखवायचं.) मावशी कोणत्या डब्यातून खाऊ देतात? पावसाळ्यात वर्गात कोण आलं होतं, बेडूक की मांजर? सहलीला बसमध्ये सगळ्यांत आधी झोपलं कोण? असे प्रश्न पुस्तकात मिळत नाहीत. त्यासाठी वर्षभराच्या फोटोंवरून एकदा नजर फिरवा आणि मावशींना विचारा, त्यांना ताईंपेक्षा जास्त आठवतं. एक पथ्य पाळा. जे ऐकून कुणी ओशाळेल, म्हणजे कुणाला शू झाली, कोण रोज रडायचं, ते गमतीनेसुद्धा विचारायचं नाही.

दुसरा प्रकार आपल्या गावाचा. आपल्या सांगलीतून कोणती नदी वाहते? (कृष्णा.) नदीकाठी कोणत्या बाप्पाचं मोठं देऊळ आहे? (गणपतीचं.) द्राक्षं वाळवली की काय होतं? (बेदाणे.) उसापासून काय काय मिळतं? (रस, गूळ, साखर, आणि "काकवी" म्हणणारं एखादं मूल निघालं तर त्याला टाळ्या.) मिरजेत कोणतं वाद्य बनतं? इथे मोबाइलवर सतार अर्धा मिनिट ऐकवा आणि बरोबर ढोलकी ऐकवा, मग विचारा. आयर्विन पुलाचं चित्र दाखवून "हा पूल कशावर आहे?" असं विचारता येतं. तो १९२९ साली बांधून झाला वगैरे माहिती पालकांसाठी ठेवा, मुलांना साल विचारू नका.

तिसरा प्रकार कोड्यांचा. ही काही आम्ही जुळवलेली:

जमिनीखाली राहते, उन्हात वाळते, दुधात पडली की दूधच रंगवते. ओळखा पाहू? (हळद)

उंच उंच काठी, अंगभर गाठी, आत गोड पाणी तुमच्या-आमच्यासाठी. (ऊस)

पोटात डबा ठेवतं पण जेवत नाही, पाठीवर बसतं पण उतरून चालत नाही. (दप्तर)

आधी होती गुबगुबीत, मग पडल्या सुरकुत्या, तरी तिला खायला सगळे करती घाई पुरत्या. (द्राक्ष आणि बेदाणा)

कोडं दोनदा म्हणा, सावकाश. पहिल्यांदा मुलं शब्द ऐकतात, दुसऱ्यांदा विचार करतात.

चित्रं आणि शब्द सोडून आणखी कशाची प्रश्नमंजूषा घेता येईल?

वासाची. ही आमची सगळ्यांत आवडती. झाकणाला भोकं पाडलेल्या पाच डब्या घ्या. एकीत हळद, एकीत वेलची, एकीत चिरलेलं लिंबू, एकीत कढीपत्ता चुरगळून, एकीत ओली माती. डब्यांना बाहेरून कागद लावा, म्हणजे आतलं दिसणार नाही. डबी गोलात फिरते, प्रत्येक मूल वास घेतं, कुणीच लगेच बोलायचं नाही. डबी परत ताईंच्या हातात आली की सगळ्यांनी एकदम सांगायचं. हळदीच्या डबीला "आजीचं घर" असं उत्तर आलं तर तेही बरोबर धरा. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, हे या निमित्ताने बसलेल्या पालकांना सांगता येतं. तिखट, मिरपूड, तपकीर असलं काही डबीत घालू नका. हळदसुद्धा कुटलेली नको. हळकुंड ठेचून ठेवा, म्हणजे पूड नाकात जाणार नाही.

स्पर्शाची पिशवीही छान चालते. कापडी पिशवीत खडू, चमचा, शंख, बाटलीचं झाकण, उसाचं कांडं घालायचं आणि न बघता ओळखायचं.

मुलांनी ताईंना प्रश्न विचारले तर?

जरूर ठेवा. मुलांना हा भाग भलताच आवडतो. ताईंना खुर्चीवर बसवायचं आणि मुलांनी परीक्षक व्हायचं. "माझ्या बाटलीचा रंग कोणता?" "माझ्या लहान बहिणीचं नाव काय?" "मला डब्यात काय आवडत नाही?" चार-पाच मुलांना आधी विचारून प्रश्न तयार करून घ्या, बाकीचे आपोआप सुचतात. उत्तर आलं नाही तर ताईंनी एका पायावर उभं राहायचं. आणि ताई, तुम्हाला खरोखरच उत्तर माहीत नसेल तर मुलाला जवळ बोलावून विचारून घ्या आणि मोठ्याने पुन्हा सांगा. मुलाला तेवढ्यानेच बरं वाटतं.

पालकांनाही खेळात घ्यायचं आहे. काय करता येईल?

पालकांच्या चमचा-लिंबूपेक्षा 'आवाज ओळखा' घ्या. मोठ्या चादरीचा पडदा करायचा. मागे पालक, पुढे मुलं. एकेका पालकाने ते वाक्य म्हणायचं जे ते रोज सकाळी घरी म्हणतात: "ऊठ गं बाई, रिक्षा येईल!" किंवा "दूध संपव आधी." मुलं कान टवकारून बसतात. आपल्या आईचा, बाबांचा, आजीचा आवाज आला की मूल जागेवरून उडतंच. कधीकधी दोन मुलं एकदम उठतात, कारण सगळ्या घरांतलं वाक्य तेच असतं.

ज्यांच्या घरून कुणीच येऊ शकत नाही अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात. कुणाचे आईवडील ऊसतोडीला बाहेर असतात, कुणाची आई शिफ्टला. ही यादी आदल्या आठवड्यात करा. त्या मुलांसाठी मावशी किंवा शेजारच्या वर्गाच्या ताई पडद्यामागे उभ्या राहतील आणि त्या मुलाला रोज म्हणतात तेच वाक्य म्हणतील, असं ठरवा. घरून आवाज रेकॉर्ड करून मागवता आला तर फारच छान. लहानपणीच्या फोटोंवरून ओळखायचा खेळ मात्र आम्ही घेत नाही. सगळ्यांच्या घरी तसे फोटो नसतात.

एखादं मूल खेळायलाच तयार नसेल किंवा रडायला लागलं तर?

त्याला ओढू नका आणि "बघ, सगळे खेळतायत" असं म्हणू नका. त्याला काम द्या. साडीवरचे चेंडू सांभाळणं, गाण्याचं बटण दाबणं, पाट्या धरणं. बऱ्याचदा तिसऱ्या खेळापर्यंत ते स्वतःहून गोलात येतं. नाही आलं तरी ते कार्यक्रमात होतंच.

मोठ्या आवाजाचा त्रास होणारी मुलं असतात. त्यांच्यासाठी स्पीकरपासून लांब एक सतरंजी, दोन पुस्तकं आणि ओळखीचं माणूस ठेवा. डीजे, फटाके, फुगे फोडायचा खेळ नकोच. चालायला अडचण असलेल्या मुलासाठी गाडीच्या खेळात गाडीच हळू चालवा. सगळ्यांनाच मालगाडी व्हायला सांगितलं की कुणाला वेगळं पडल्यासारखं होत नाही.

बक्षिसं काय द्यावीत?

सगळ्यांना एकच वस्तू. चांगली पेन्सिल, बेदाण्याची छोटी पुडी, किंवा मातीच्या छोट्या कुंडीत मुलाने स्वतः लावलेलं मेथीचं रोप. मेथी ४-५ दिवसांत उगवते, म्हणजे कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात पेरली की त्या दिवशी हिरवी दिसते.

याच्या जोडीला प्रत्येक मुलाला एक बिल्ला द्या, आणि त्यावर त्याच्यातलं खरं काहीतरी लिहा. 'हुशार मुलगा', 'गोड मुलगी' असलं कुणालाही लागू पडेल ते नको. 'सगळ्यांच्या चपला सरळ लावणारी', 'पडलेल्याला हात देणारा', 'मुंग्या बघत बसणारी', 'गोष्टीचा शेवट बदलणारा'. हे लिहायला प्रत्येक मुलामागे पाच मिनिटं विचार करावा लागतो. एखाद्या मुलासाठी काहीच सुचत नसेल तर पुढचे दोन दिवस त्याच्याकडे नीट बघा.

खाऊ काय ठेवावा?

खेळ संपल्यावर, बसून. धापा टाकत, हसत-पळत खाल्लेलं घशात अडकतं. सांगलीत भडंग हवंच, पण मुलांच्या वाटणीत शेंगदाणे नको आणि तिखट कमी. अख्खी द्राक्षं या वयाला धोक्याची आहेत, उभी चिरून द्या. शिरा, इडली, केळं, लिंबू सरबत हे सगळ्यांना चालतं. कुणाला कशाची ॲलर्जी आहे ते पालकांना आधी विचारून एका कागदावर लिहा आणि तो कागद खाऊ वाढणाऱ्या मावशींच्या हातात द्या.

फुगे लावावेत का?

उंचावर लावा, मुलांच्या हातात नको. फुटलेल्या फुग्याचा तुकडा मुलं तोंडात घालतात आणि तो घशात चिकटला तर काढणं फार अवघड जातं. कागदी पताका, झेंडूच्या माळा आणि मुलांनी काढलेली चित्रं यांनी वर्ग जास्त शोभतो.

आमची छोटी अंगणवाडी आहे, खर्च करता येत नाही.

वर सांगितलेल्या खेळांना जुनी साडी, उशी, रांगोळी, रिकाम्या डब्या आणि खडू एवढंच लागतं. स्पीकरऐवजी ताट आणि चमचा घ्या. ताट वाजायचं थांबलं की मुलं गाण्यापेक्षा लवकर थांबतात. गावातल्या एखाद्या आजोबांना ढोलकी किंवा झांज वाजवता येत असेल तर त्यांना बोलवा.

मुलं ४०-५० असतील तर?

दोन गोल करा, दोन मोठी माणसं प्रत्येक गोलात. गाडी आणि साडी हे खेळ एका वेळी २०-२२ मुलांपलीकडे नीट होत नाहीत. एक गट खेळतो तेव्हा दुसरा वासाच्या डब्या घेऊन बसतो, मग अदलाबदल.

शेवट कोणत्या खेळाने करावा?

'मामाचं पत्र हरवलं' घ्या, पण पत्र खरं असू द्या. मुलं गोलात बसतात, ताई रुमालाऐवजी पाकीट घेऊन मागून फिरतात, ज्याच्या पाठीमागे ठेवतात त्याने ते उचलून एक फेरी पळायचं आणि परत जागेवर बसायचं. पाकिटात ताईंच्या हाताने लिहिलेल्या त्या मुलासाठीच्या दोन ओळी. "तू वर्गात आलीस तेव्हा मांजराला घाबरायचीस, आता तूच त्याला दूध ठेवतेस," असं काहीतरी. मूल वाचू शकत नसेल तरी हरकत नाही, घरी वाचून घेईल.

हिशोब आधी करा. एका मुलाला एक मिनिट धरलं तर २५ मुलांना २५ मिनिटं, आणि शेवटची मुलं चुळबुळायला लागतात. १५ च्या वर मुलं असतील तर दोन गोल करा, किंवा एका वेळी तीन पाकिटं ठेवून तिघांना एकदम पळवा. एकही पाकीट कमी पडता कामा नये. कार्यक्रमाच्या सकाळी हजेरीपटावरून नावं पुन्हा मोजा. आजारी म्हणून न आलेल्या मुलाचं पाकीट त्याच दिवशी घरी पोचवा.

ऐनवेळी पाऊस आला तर?

साडी, वासाच्या डब्या, 'मी कोण?', 'आवाज ओळखा' आणि कोडी हे सगळं वर्गात होतं. गाडी व्हरांड्यातून न्यायची. घाटावर-पाण्यात मात्र ओल्या फरशीवर अजिबात घेऊ नका.

फोटो कधी काढावेत?

सगळ्यांचा एकत्र फोटो सुरुवातीलाच काढा, केस विंचरलेले आणि कपडे कोरडे असताना. खेळ चालू असताना एकाच पालकाला फोटोचं काम द्या, म्हणजे बाकीचे मोबाइल खिशात राहतात आणि मुलांना समोर माणसं दिसतात. फोटो वर्गाच्या ग्रुपवरच टाका. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो आपल्या स्टेटसला लावायचा असेल तर त्या मुलाच्या घरी आधी विचारा.